पहिली कुदळ कोणाची

वलगाव,
२ एप्रिल २०२५

चि. नत्थूस पार्बताताईचे अ. उ. आ.

पत्र पाहून घाबरू नको, इकडे सगळे बरे हायेत. फोन हाय माह्यापाशी, पण तू लिहून खोटं केलं तर मी बी लिहूनच भांडीन. अखाजीच्या सणाले वाटायसाठी तू घराण्याचा इतिहास छापून राहिला, त्याची कच्ची प्रत भेटली. मोगऱ्याची तोडणी बायांवर सोडून वाचत बसली. शाळेत इतिहास शिकवतोस म्हणून काहीही लिहाचं काय? सातव्या पानावर म्हणे बाळापूरच्या वावरातल्या विहिरीले पहिली कुदळ आपल्या मोठ्या बहिणीनं, आशानं मारली.

कुदळ मी मारली, नत्थू. तू तवा जन्मला बी नव्हता. धरती शेषाच्या डोक्यावर हाय अन् तो खाली कूस बदलत राहते, असं तवाचे लोक मानत. म्हणून जोशाले विचारून, त्याचं डोकं टाळून, कुवार पोरीच्या हातून पहिला घाव घालत. मी आठ वर्षांची होती. उजव्या हाताले बाभूळ होती. तिचा काटा पायात मोडला तरी मी रडली नाही. बा मरेपर्यंत सांगत होता, हे पार्बताच्या हातचं पाणी. म्हणून तर अखाजीची, पितरांच्या नावाची पहिली घागर त्या विहिरीवर दरवर्षी मी भरतो.

आशाबाईचं सगळंच चांगलं. रंग तिचा, केस तिचे, अंजनगावचं खातंपितं घर तिचं. मले एक विहीर होती, ते बी तू तिले देऊन राहिला. पान बदल.

लोभ किती हाय ते छापून आल्यावर पाहीन.

पार्बता

•

अकोला,
८ एप्रिल २०२५

ती. ताईस नत्थूचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तुझ्या भावजयीनं, रूपालीनं आधी वाचलं आणि जेवताना तुझ्याच बाजूनं माझ्याशी भांडली. घरात आता मी एकटा पडलो आहे.

पण ताई, मी मनचं काही लिहिलं नाही. जुन्या पेटीत बाची वही सापडली. १९६६ सालच्या जेठ महिन्यात त्याच्याच अक्षरात आहे, कुदळ आशाच्या हातून, पाणी गोड. तुझं नाव त्या पानावर नाही. लेखी पुरावा असताना तोंडी गोष्ट कशी धरू? तीस वर्षं पोरांना हेच शिकवत आलो. शिवाय विहिरीपाशी बाभूळ नाही, उंबर आहे, आणि तो आज्याच्या काळचा. आठ वर्षांच्या लेकराच्या आठवणीत झाडं इकडची तिकडं होतात. शेषाचं मी मुद्दामच गाळलं, शिकलेले लोक हसतात.

छपाई वीस तारखेला आहे. तुझ्या पत्राची झेरॉक्स मोठ्या आशाबाईलाही पाठवली, तिचं म्हणणंही कळू दे.

राग निवला की आशीर्वाद पाठव, तोवर मी वाट पाहतो.

तुझा नत्थू

•

अंजनगाव सुर्जी,
१३ एप्रिल २०२५

चि. सौ. पार्बतास आशाबाईचे अ. आ.

मले आता दिसत नाही. मी सांगतो अन् नात आकांक्षा लिहून राहिली. माह्या केसाचं वाचून ती लय हसली. केस आता कुठी हायेत.

पार्बता, तू बी खरी अन् वही बी खरी. कुदळ दोनदा पडली. पहिली तुही, बाभळीपाशी, माघात. पाणी लागलं, पण खारं. वाफ्यात सोडलं तं वांगे जळाले. आपला सगळा पट्टाच खारपाणाचा, हे आता पोरं शाळेत शिकतात. तवा बाया म्हणत, पोरीनं शेषाच्या डोक्यावरच घाव घातला, हे त्याचं जहर हाय. तुह्या कानावर जाऊ नये म्हणून मायनं तुले मामाकडे धाडलं. खड्डा बुजवला. जेठात नदीकडच्या उंबरापाशी माह्या हातून कुदळ मारली, ते पाणी गोड निघालं. दिवाळीले तू आली तवा बानं तुलेच सांगतलं, तुह्या हातचं पाणी म्हणून. मले म्हणाला, तू मोठी हायेस, सोडून दे.

मी सोडलं, पण मनातून सुटलं नाही. दर अखाजीले तू घागर उचलली का माह्या पोटात जळे. तुह्यासाठी बा साऱ्या गावासमोर खोटं बोलला. माह्यासाठी त्यानं वहीत एक ओळ लिहिली, अन् ते वही पेटीत ठेवून देली.

नत्थूले सांग, तुहंच नाव छाप. मले सवय हाय.

लोभ हाय तेवढाच ठेव, एकदम वाढला तं मले संशय येईन.

आशाबाई

•

वलगाव,
१७ एप्रिल २०२५

चि. नत्थूस अ. उ. आ.

बाईचं पत्र सोबत जोडलं हाय, वाच. मामानं मले आंबे खायले ठेवलं, असंच मी आजलोक समजत होती. त्या बाभळीपाशी एक उजाड जागा होती, तिथं काहीच उगवे नाही. तोच माह्या विहिरीचा खड्डा, हे मले आता समजलं. बाभूळ तोडल्यावर आमी पोरी तिथं लंगडी खेळो. आशा कधीच खेळली नाही. मले वाटे तिले गर्व हाय.

खरं सांगू, मले अजून बी तिचा हेवा वाटते. एकोणसाठ वर्षं तोंड दाबून राहणं मले जमलं नसतं. ते बी तिलेच जमलं.

आता असं छाप. गोड्या विहिरीची कुदळ आशाची. अखाजीची पहिली घागर तीच भरन. तिले दिसत नाही, तं मी हात धरीन. शेषाचं गाळू नको, त्याच्याच पायी मले घर सोडून जा लागलं. अन् त्याच्या वरच्या ओळीत लिही, बाभळीपाशी पहिली विहीर खोदली, ते खारी निघाली, तिची कुदळ पार्बताची. तिथं मात्र आशाचं नाव कुठीच टाकू नको. तो खड्डा माह्या एकटीचा हाय.

लोभ दोघीईवर सारखा ठेव. कमीजास्त झाला तं मले लगेच समजते.

पार्बता