मागे काळजी नाही

३ फेब्रुवारी

पुन्हा ब्रेक मारला! टीव्हीवर पायवाटेत एक गाय आडवी आली आणि सोफ्यावर बसल्या बसल्या माझा पाय असा दणकून जमिनीवर आपटला, की कपातला चहा बशीत आला. नवरा म्हणाला, "वाचली बिचारी गाय."

हसू आलं. त्या दिवसापासून पहिल्यांदाच या पायाचं हसू आलं. एरवी लाजच वाटते.

५ फेब्रुवारी

मालकांचा फोन. ड्रायव्हिंग स्कूलची माझी गाडी गॅरेजमधून परत आली आहे. मागचा सगळा पत्रा नवा. "महिनाअखेरपर्यंत सांगा मॅडम, येताय की नाही. नाहीतर त्या सीटवर दुसरं कुणी बसवावं लागेल. वाईट वाटतं, पण धंदा आहे." त्यांचं काही चुकत नाही. आधीच बरेच दिवस थांबलेत.

चूक आमचीही नव्हती. त्या दिवशी सिग्नलला नीट थांबलो होतो. स्टिअरिंगवर गाडी शिकायला आलेल्या नर्सबाई, शेजारी मी. मागून टेम्पो आला आणि थांबलाच नाही. मला तो आरशात दिसत होता. मोठा होत होत आला. पुढे गाड्या, बाजूला गाड्या, हलायला जागा नाही. नुसतं बघत बसायचं! नर्सबाईंचा हात मोडला, आता जुळलाय. माझं काहीच मोडलं नाही. फक्त तेव्हापासून गाडीच्या आरशात बघवत नाही. टॅक्सीत बसले तरी मान खाली घालून बसते.

आरशात न बघणारी ड्रायव्हिंगची मास्तरीण! पाण्याला भिणाऱ्या नावाड्याला कोण घेईल कामावर?

८ फेब्रुवारी

रोज संध्याकाळी टीव्हीवर टोपीवाले. त्यांचं खरं नाव कार्यक्रमाच्या सुरुवातीला येतं, पण आमच्या घरात ते टोपीवालेच. पोट सुटलेला साठीचा माणूस, पाठीवर पिशवी, हातात काठी. शेतांतून, ओढ्याकाठून, टेकडीवरून चालत राहतो. मधेच थांबून म्हणतो, "बघू या, पुढे काय आहे." पुढे असतं एक फाटक. ते उघडतो, पलीकडे जातो, आठवणीने लावून घेतो. मग दगडावर बसून ब्रेड खातो. झाला कार्यक्रम!

या वेळेला सासूबाईंची मालिका असते. तिच्यात एका जावेने दुसरीला जिन्यावरून ढकललं होतं, आणि ती पडली की सावरली हे कळायचं बाकी होतं. माझ्यासाठी आईंनी ते वाऱ्यावर सोडलं. मी म्हटलं, "आई, तुम्ही तुमचं लावा ना." तर म्हणाल्या, "पडली असेल गं. पडल्याशिवाय जाते कुठे! मला हा बाबा आवडायला लागलाय. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही."

खोटं बोलतात. टोपीवाले चालायला लागले की आई पाच मिनिटांत घोरतात.

११ फेब्रुवारी

आज मला कळलं! इतके दिवस वाटत होतं, हिरवं हिरवं दिसतं, पाण्याचा आवाज येतो, म्हणून बरं वाटत असेल. तसं नाही. टोपीवाल्यांच्या मागे सतत कुणीतरी असतं - कॅमेरावाला. ते चालले की तो चालतो. ते थांबले की तो थांबतो. बुटाची नाडी बांधायला ते मधेच खाली वाकले, तर तो आपला शांतपणे उभा. अंगावर येत नाही. अंतर ठेवतो! आणि टोपीवाल्यांना ते माहीत आहे, म्हणून ते एकदाही मागे वळून बघत नाहीत.

हे मी जेवताना बडबडून टाकलं. एका दमात. आई म्हणाल्या, "खरंच की गं." नवरा चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या काचा पुसतो, तरी घरी येऊन स्वतःचीच काच पुसत बसला. त्याला मी वेडी वाटले असेन. वाटू दे. मला आज फार हलकं वाटतंय.

१३ फेब्रुवारी

टोपीवाले चिखलात घोट्यापर्यंत रुतले. माझा पाय जागचा हलला नाही!

१६ फेब्रुवारी

आईंनी बॉम्ब टाकला. "मला गाडी शिकव."

मला वाटलं, थट्टा. तर उठून कपाटातून शिकाऊ लायसन्स काढून माझ्यापुढे ठेवलं! नवऱ्याबरोबर गुपचूप जाऊन करून आणलेलं. फोटोत अशा बघतायत की समोरच्याने दंड भरावा.

म्हटलं, "आई, या वयात?"

"या वयात काय? तो बाबा एवढं पोट घेऊन डोंगर चढतो. मी तर बसूनच राहणार आहे."

"दुसरं कुणी शिकवेल तुम्हाला."

"दुसऱ्या कुणाचं ओरडणं मी ऐकून घेणार नाही. तुझं घेईन."

मी खोलीत जाऊन दार लावलं. राग आला. माझ्या पाठीमागे कट करतात दोघं! पण रागाच्या खाली थोडं बरंही वाटत होतं, हेही लिहून ठेवते.

१८ फेब्रुवारी

मालकांनी सकाळच्या वेळेला गाडी दिली. आवाजावरून खूश वाटले. बंद कारखान्यामागच्या मोकळ्या मैदानात गेलो. तिथवर मालकांनीच गाडी आणून दिली.

बसल्या बसल्या माझ्या बाजूचा, शिकवणाऱ्यासाठी लावलेला जादाचा आरसा मी छताकडे फिरवून टाकला. आईंनी बघितलं. चावी फिरवली. पहिल्या गिअरमध्ये मैदानाला फेऱ्या. गाडी बेडकासारखी उड्या मारत होती आणि आई प्रत्येक उडीला गाडीलाच दटावत होत्या, "अगं हळू! हळू!"

माझा पाय माझ्या बाजूच्या खऱ्या ब्रेकवर होता. सोफ्यासमोरच्या फरशीवर नाही. किती वेगळं वाटतं!

२१ फेब्रुवारी

आज रस्त्यावर. घराजवळच्याच गल्ल्या, पण रस्ता तो रस्ता. शेवटी लाज सोडून सांगितलं, "आई, मागचं तुम्ही बघायचं. मला सांगत राहायचं." कुठल्या शाळेत असं शिकवतात!

दर वळणाला मी विचारायची, "आई, मागे?"

आई आरशात नजर टाकून म्हणायच्या, "मागे काळजी नाही."

२३ फेब्रुवारी

घरात साथ आली आहे. आता नवराही सकाळी फिरायला जायला लागलाय! टोपीवाल्यांमुळे म्हणे. आम्ही निघायच्या आधी नवे बूट घालून बाहेर पडतो, आम्ही आल्यावर मागोमाग येतो. कपाळावर घामाचा थेंब नाही. फिरतो की कोपऱ्यावर चहा पीत बसतो, देव जाणे.

२४ फेब्रुवारी

एक नवल. आई मुंगीच्या पावलांनी गाडी चालवतात. वळायच्या आधी थांबून विचार करतात. काल चौकात बंद पडली, चालू होईना - आणि मागून एकही हॉर्न नाही! इतकी वर्षं शिकवतेय, असं कधी झालं नाही. याच शहरात शिकाऊ पाटी बघून लोक मुद्दाम पोंगा लावतात.

नवऱ्याला सांगितलं. म्हणाला, "सुधारतात गं माणसं."

नर्सबाईंचा फोन होता. "शिकेन तर तुमच्याकडेच. हात बरा आहे. तुम्ही कधी बऱ्या होताय?" काय सांगू? महिना संपत आला.

२६ फेब्रुवारी

आईंनी गाडी कडेला घेतली. न सांगता, नीट, इंडिकेटर देऊन! मग म्हणाल्या, "मास्तरीणबाई, क्लच शिकवलास, गिअर शिकवलास. आरसा अजून शिकवला नाहीस."

"तुम्ही बघता की रोज."

"मी बघते ते मला ठाऊक. तू शिकवायला नको?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "उद्या त्या सिग्नलवरून जायचं. आणि तू बघायचंस. माझ्यावर विश्वास आहे ना?"

आहे. म्हणूनच भीती वाटते, की यांच्यादेखत माझं पितळ उघडं पडेल. पण शब्द दिला आहे.

२७ फेब्रुवारी

तोच सिग्नल. लाल. आई अलगद थांबल्या. मी हात वर करून आरसा सरळ केला. आधी डोळे मिटून, मग उघडून.

मागे स्कूटर. थोडं अंतर ठेवून, रस्त्याच्या बरोब्बर मधोमध. स्कूटरवर नवे बूट घातलेला माझा नवरा! एक हात मागे केलेला, आणि त्या हातामागे ही एवढी गाड्यांची रांग थोपवून धरलेली. माझी नजर आरशात दिसली तसा ओशाळला. मग दुसऱ्या हाताने चष्मा सारखा केला.

मी हसले, रडले, दोन्ही. आईंनी समोरची नजर हलवली नाही. म्हणाल्या, "रोज सांगत होते ना, मागे काळजी नाही."

हिरवा झाला. घरी येऊन मालकांना फोन केला. सोमवारपासून जाते.