बेताल घुंगरू

मुक्काम औसा

आदरणीय कुसुमबाई,

हे पत्र चौथ्यांदा लिहितेय. अक्षर वाकडंच येतंय, म्हणून पाठवणार नाही.

इथं किल्ल्यात सिनेमातल्या माझ्या नाचाचं शूटिंग चालू आहे. पहिलाच टेक दिग्दर्शकांना पसंत पडला. पण उजव्या पायातलं एक घुंगरू उशिरा वाजत होतं, म्हणून मीच एकोणीस वेळा पुन्हा करायला लावलं. दुसऱ्या कुणालाच ते ऐकू येईना.

बेताल घुंगरू कापून टाकायचं, हे लातूरच्या क्लासात तुम्हीच शिकवलंत. मी एक कापलं, मग शेजारचं. दुपारपर्यंत शंभरच्या शंभर कापून झाली.

आत्ता सगळे जेवायला गेलेत. मोकळ्या पायानं ठेका धरून बघितला, तरी ते उशिराच वाजतंय. कात्री हातातच आहे.

आता कुठं कापू, बाई?

तुमची शिष्या,
देविका