अठराव्या रोज्याची गोळी

नाटे,
८ ऑक्टोबर २००३

प्रिय इफ्फत बाय,

तुझं मस्कतहून आलेलं पत्र आठ दिवस माझ्या उशाखाली आहे. उमेर चालायला लागला, दिसेल त्याला सलाम ठोकतो, हे वाचून हसू आलं. तुझी अम्मी असती तर साऱ्या मोहल्ल्यात सांगत फिरली असती. पण त्याच पत्रात खाली तू लिहिलंयस, की अम्मीने गोळ्या वेळेवर घेतल्या असत्या तर नातवाचं तोंड पाहिलं असतं, आणि तिच्या हट्टीपणाचा अजून राग येतो. ते वाचल्यापासून मला घास गोड लागत नाही.

दोन वर्षांमागे मुंबईचे डॉक्टर आपल्या जिल्ह्यात मधुमेहाचं संशोधन करायला आले, ते तुला ठाऊक आहे. खारवी, भंडारी, मुसलमान, कुळवाडी, सगळ्यांचं रक्त तपासायचं होतं. कोणाची साखर कशाने वाढते, कोणाला औषध कसं लागू पडतं, ते बघायचं होतं. मी इथली नर्सबाई, म्हणून गावचं काम माझ्या गळ्यात. सुई घेऊन मोहल्ल्यात शिरले की बायका दारं लावून घ्यायच्या. तुझी अम्मीच पुढे झाली. आधी स्वतःचं बोट टोचून घेतलं, मग माझ्यासोबत दारोदार हिंडली. म्हणायची, मथुराबायला काय घाबरता, माझ्या हातची भाकरी खाऊन वाढलीय ती! आणि बघ, साखर तिचीच सगळ्यांत जास्त निघाली. जिभेवरची रक्तात उतरली गो हफीजा, अशी मी थट्टा केली होती.

गोळ्यांबरोबर एक पत्रक यायचं. त्यात लिहिलेलं, उपवासाच्या दिवशीही गोळी चुकवू नये. आमच्या उपासाला ते बरोबरच होतं. साबुदाण्याची खिचडी, रताळी, वर केळं, म्हणजे एकादशी नि दुप्पट खाशी. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तोच उपास होता, आणि माझ्याही. गेल्या वर्षी रमजान लागायच्या आदल्या दिवशी हफीजाने विचारलं, रोज्यात गोळीचं काय करू? मी घाईत होते. पत्रकावर बोट ठेवलं नि म्हटलं, उपास असो की सण, सकाळची गोळी सकाळी. जन्मभर तिच्याकडची इफ्तारची भजी खाल्ली मी. रोज्यात पाण्याचा थेंबही पोटात जात नाही, आणि रिकाम्या पोटी त्या गोळीने साखर पार खाली उतरते, हे मला ठाऊक नव्हतं असं कुठल्या तोंडाने सांगू? ठाऊक होतं. मी मेलीने विचार केला नाही, एवढंच.

अठराव्या रोज्याला दुपारी चारच्या सुमारास गेले, तर ती घामाने डबडबलेली. हात थरथरत होते. मला तुझ्या नावाने हाक मारली. मी साखरपाणी कालवून तोंडाशी नेलं, तर दात घट्ट. दिवस बुडून मगरिबची अजान व्हायला दोन तास राहिलेत, असा कसा सोडू रोजा, म्हणाली. त्यांच्या धर्माचं आहे, आपण कोण, म्हणून मी जबरदस्ती केली नाही. साखर एवढी उतरली की माणूस भानावर नसतो, हे शिकलेली बाई मी! रिक्षा राजापूरला पोचायच्या आत ती गेली. पुढे मौलवीसाहेब म्हणाले, बिमाराला रोजा माफ असतो, कोणी विचारलं असतं तर मीच सोडवला असता. त्यांना विचारायला कोणी गेलंच नाही.

मग संशोधनाचा कागद भरायची वेळ आली. मृत्यूच्या कारणापुढे मी लिहिलं, औषध अनियमित. घाबरले होते गो. नोकरी, गाव, तुझे बाबा, सगळ्यांना घाबरले. तुझा फोन आला तेव्हा तेच तुला सांगितलं. एकदा लिहिलं, मग बोलायला सोपं गेलं.

आता का लिहिते ते ऐक. गेल्या महिन्यात रत्नागिरीला बैठक झाली. पडद्यावर आकडे दाखवले, त्यांत हफीजाही होती, 'औषध अनियमित' या रकान्यात. त्यावरून नवीन पत्रक निघालंय. वाक्य तेच, अक्षरं मोठी. रमजानच्या आत मोहल्ल्यात वाटायचंय. गठ्ठा माझ्या ओटीवर पडलाय. एकही वाटला नाही, वाटणार नाही. घरोघरी जाऊन सांगून आलेय, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी घेऊन रोजा धरू नका. उद्या पहिल्या एस.टी.ने रत्नागिरीला जाऊन खरं काय ते सहीनिशी लिहून देते. नोकरी जाईल तर जाऊ दे. पण दुसऱ्या कोणाच्या तोंडून तुला कळायला नको, म्हणून आधी हे पत्र पेटीत टाकीन, मगच गाडीत बसेन. माफ कर म्हणायची माझी छाती नाही. पण अम्मीवरचा राग आता सोड. तिच्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या त्या दिवशी मी फळीवरून उचलून लपवल्या होत्या, त्या सोबत पाठवतेय. प्रत्येक गोळीच्या घरावर तिने बॉलपेनने रोज्याचा आकडा घातलाय. एकोणीस नि वीस अजून आत आहेत. एक ते अठरा, सगळी घरं रिकामी आहेत.

मावशी म्हणायचं की नाही, ते तू ठरव.

तुझीच,
मथुरा