आन्सेल्मोची बाटली

३ सप्टेंबर
हे घर मला खरं कितीला पडलं? कागदावर एकवीस हजार युरो. त्यात सारागोसात भंगार तोलण्यात गेलेली तीस वर्षं, यंत्राखाली गेलेलं एक बोट आणि भागीदाराचा कायमचा अबोला मिळवा. तरी स्वस्तच! अनाथाश्रमातून निघालो तेव्हा पायांत जोडे नव्हते. आज माझ्या खिडकीसमोर स्पेनच्या यादवीतल्या एब्रोच्या लढाईची अख्खी टेकडी आहे. खंदक, बदामाची झाडं, शांतता. माझे कान भारी तिखट. नाणं पडलं की पाठमोरा उभा राहून सांगतो, चांदी की कथील. मला चाहूल न लागता माझ्या मागे येऊन उभा राहील, तो माणूस अजून जन्मायचाय.

७ सप्टेंबर
इथला राजा इलारियो, निवृत्त पोस्टमन. यादवी युद्धात सोबत्याला पुरताना काहींनी नावाची चिठ्ठी बाटलीत घालून त्याच्या छातीशी ठेवली. इलारियोला अशा अकरा बाटल्या सापडल्यात. तो टेकडीवर नाव तीनदा मोठ्यानं वाचतो, घरचे हाडं घेतात आणि त्याच्या गळ्यात पडून रडतात. तो गुत्त्यात शिरला की बसलेले उठतात. मी शिरलो की, "या भंगारवाले, आज किती खिळे?" मीही हसलो. घरी आल्यावर कुदळ शोधून काढली.

१५ सप्टेंबर
आठ दिवस खणतोय. काडतुसं, एक बक्कल, सार्डिनचा डबा. मी सोडलेल्या खड्ड्यात आज इलारियोनं हात घातला आणि बारावी बाटली काढली. वर म्हणतो कसा, "जमीन माणूस बघून देते हो." सगळे खिदळले. फोड माझ्या हातांना आलेत. बार्सेलोनाहून कुणाची तरी नात येणार, ती मुके त्याच्या हातांचे घेणार.

१८ सप्टेंबर
केलं. बाटली माझ्याच मालातली, कागद जुन्या वहीचा, शाईत पाणी. नाव मनानं रचलं: आन्सेल्मो ग्रासिया. पुढे-मागे कुणी नसलेला, माझ्यासारखाच. म्हणजे चौकशीला कुणी यायचं नाही. पहाटे टेकडीवर पुरली, दुपारी चारचौघांत काढली; हाडं आणखी खाली असतील म्हणालो. नाव वाचायला लागलो तर इलारियो हात हलवत पुढे आला. हातानंच गप्प केला त्याला. जळतोय, दुसरं काय! सगळ्यांच्या टोप्या उतरल्या.
तिसऱ्यांदा वाचलं आणि जमिनीखालून कुणीतरी ओ दिली.
बाकी कुणालाच ऐकू आली नाही. आधी भीती नाही वाटली; आधी वाटलं, इलारियोला बारांपैकी एकानं तरी ओ दिली का?

२२ सप्टेंबर
बेकरीवाली रेमेदिओस आजी विचारत होती, आन्सेल्मोचे घरचे कधी येणार. मी म्हटलं, त्याला कुणीच नाही. तिच्या हातातला पाव तसाच राहिला. म्हणाली, अरे लेका, घरचे समोर उभे असल्याशिवाय इलारियो कधी नाव उच्चारत नाही. बोलावलेला माणूस कुणाकडे तरी जाणारच ना? आता तो तुझा. घरात दुसरी खुर्ची मांड.
मांडली नाही.

२५ सप्टेंबर
माझ्या अंगणातल्या विहिरीपाशी ओ आली. मी हाक मारली नव्हती.
इलारियोकडे जाऊन सगळं कबूल केलं. नाव खोटं, बाटली खोटी. बाटली त्यानं पंचायतीच्या कपाटात कुलपात ठेवलीय, तीही दाखवली. मग म्हणाला, "नाव खोटं असेल. हाक तर खरीच मारलीत ना?"

२६ सप्टेंबर
जिन्यात. भर दुपारी. ओ — मग जरा वर, पुन्हा ओ —
इलारियो या वेळी घोरत असेल. बारा जणांना हाका मारल्या, आणि दारात एकही नाही. अजून जळतो मी त्याच्यावर. मरतानाही —

२७ सप्टेंबर
कडी घातलीय. कान दाराला. तासभर काही नाही. ना पाऊल, ना श्वास. गेला. माझ्या कानांना कळलं असतं —
टेबलावर तीच कुलपातली बाटली. ओली माती.
दुसरी खुर्ची ओढलेली आहे. ती सरकताना मला काहीच ऐकू आलं नाही. आणि आता माझ्या माग