भेगांवरचं मलम

मुकुंदवाडी,
कोजागिरीचा दुसरा दिवस

आदरणीय मेघाताईंना धाकट्या भावजयीचा, म्हणजे सोनियाचा, वाकून नमस्कार. (वाकणं शब्दापुरतंच समजा, टाके अजून ओढतात.) भाऊजींचं बीपी आता कसं आहे? सम्यकच्या दहावीच्या क्लासची वेळ बदलून मिळाली का? तुमच्या पाठीचं काय म्हणतंय? इकडं सगळे ठीक आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. ठीक कुणीच नाही.

फोन का केला नाही असं विचाराल. ताई, आपल्या या दोन खोल्यांत फोन म्हणजे जाहीर सभा. बाळंतपणासाठी गावाहून आलेल्या आईंना स्पीकरवर टाकल्याशिवाय बोलता येत नाही, आप्पांना कमी ऐकू येतं म्हणून आवाज शेवटपर्यंत वाढवलेला, आणि मला जे सांगायचंय ते सासऱ्यांसमोर सांगण्यापेक्षा मी खुलताबादचा घाट पायी चढेन. ऋतुराज उद्या शुक्रवारी कंपनीच्या कामाला पुण्याला येतोय, त्याच्या हाती हे पाकीट देतेय. चिकटवलेलं आहे. उघडलेलं दिसलं तर भावाचा कान धरा.

बाळंतपणाआधी तुम्ही मला म्हणाला होतात की अंगावर पाजण्यासारखं सुख जगात नाही. तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून विचारते, हे तुम्हाला सांगितलं कुणी? चौथ्या दिवशी मला दोन्हीकडं चिरा पडल्या. तुमची भाची जन्मली तेव्हा वजन दोन किलो आठशे, पण तोंडात ताकद एखाद्या पहिलवानाची. तिनं पकडलं की माझ्या पायाची बोटं आत वळायची आणि मी उशीचा कोपरा चावायची. सहाव्या दिवशी तिच्या ओठावर दुधाबरोबर रक्त दिसलं. तिचं नाही, माझं. पोरगी रडली की घरातले म्हणायचे, भूक लागली वाटतं, आणि मी आधी लंगोट बदलून बघायची, भूक नसू दे म्हणून. स्वतःच्या लेकराच्या भुकेला भिणारी आई तुम्ही कधी पाहिलीत का? मी आरशात पाहत होते.

आईंचं म्हणणं, सोसायचं. (तुमच्याच आई आहेत, राग मानू नका, पण हे पत्र खरं लिहायचं ठरवलंय.) त्यांनी गावाकडचं तूप लावलं, त्यावर हळद लावली, हळदीवर खोबरेल लावलं. मग एवढ्या सगळ्यावर बाळाला कसं पाजायचं म्हणून साबणानं खसखसून धुवायला लावलं. मी पिवळी, पोरगी पिवळी, चादर पिवळी. बघायला आलेल्या डॉक्टरीणबाईंना आधी कावीळच वाटली. बारशाला दौलताबादच्या चुलतसासूबाई आल्या, त्या म्हणाल्या, कातडी नाजूक आहे, खरखरीत टॉवेलानं घासून घट्ट कर. मी घासली. ताई, मी बी.एस्सी. आहे, तरी घासली. दुखणं माणसाला कुणाचंही ऐकायला लावतं.

मग मी ऋतुराजला मेडिकलात पाठवलं. नवरा शिकलेला, तीस माणसांवर सुपरवायझर, एवढं तर जमेल. मेडिकलवाला साकिब त्याचा शाळेतला मित्र, आणि काउंटरवर नेमक्या दोन बायका उभ्या. ऋतुराजनं आधी उगाच खोकल्याच्या गोळ्या घेतल्या. शेवटी म्हणे त्यानं एवढंच सांगितलं, "भेगांवरचं मलम दे, घरच्यांसाठी." साकिबनं विचारलं, "ज्यादा फटे क्या?" हा म्हणाला, "लई." घरी आलं ते टाचांच्या भेगांचं मलम. खोक्यावर हे एवढं टाचेचं चित्र! मी विचारलं, चित्र दिसलं नाही का? तर म्हणतो, मला वाटलं भेगा त्या भेगाच. त्या दिवशी मी त्याला पावडरच्या दुधाचा डबा आणायला सांगितलं. त्यानं आणला आणि आईंना दिसू नये म्हणून गव्हाच्या कोठीमागं लपवला. चोरीचा माल लपवावा तसा. मी तो डबा तीनदा बाहेर काढला, तीनदा आत ठेवला, आणि प्रत्येक वेळी रडले. ज्यांच्या लेकरांना डब्यावाचून इलाज नसतो त्या खुशाल देतात, त्यात कमी काहीच नाही. पण मला द्यायचा नव्हता, आणि पाजायची हिंमतही उरली नव्हती.

आता आप्पांचं ऐका. (हे वाचून झाल्यावर फाडून टाका.) त्याच संध्याकाळी आई तुमच्या मावशींना फोनवर माझी कर्मकथा सांगत होत्या, "दोन्ही बोंडं फुटली बघ, पार उलून गेली." आप्पा दारात खुर्ची टाकून बसलेले. त्यांच्या कानी 'बोंडं फुटली' एवढंच पडलं. पराटीवर, म्हणजे कपाशीवर, जीव असलेला माणूस, ताडकन उठला. "आत्ताच? अन् मला कुणी सांगितलं बी नाय? वेचायला बाया लावा, पाऊस आला तर समदं भिजंल!" आणि सरळ गावी शेत बघणाऱ्या सांडूला फोन. तो बिचारा सांगतोय, "मालक, बोंडं हिरवीगार हायेत, अजून तीन आठवडे तरी लागतील." आप्पा ओरडतायत, "अरे, घरात बसलेल्या बायकांना माहीत, अन् तू रानात असून तुला नाय?" मी आत भिंतीकडं तोंड करून पडलेली. हसले तर टाके दुखतात, रडले तर पोरगी उठते.

शेवटी आईंनी त्यांना आत ओढलं आणि कानात खरं काय ते सांगितलं. आप्पांच्या कानात सांगणं म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. अख्ख्या गल्लीला कळलं. पुढं दोन दिवस मी दिसले की आप्पा पेपर तोंडापुढं धरायचे. एकदा तो उलटा होता.

पण गल्लीला कळलं त्याचा एक फायदा झाला. समोरच्या जहांआरा आपांना गॅलरीत सगळं ऐकू गेलं. आपा तीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात सिस्टर होत्या, आता रिटायर. दहा मिनिटांत दारात उभ्या. आई जरा ताठल्या, आपल्या सुनेचं आपण बघू असा चेहरा. आपांनी तिकडं लक्षच दिलं नाही. माझ्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "कायकू रोती बेटी? पिला मेरे सामने, देखती मैं." मी दात आवळून पाजायला घेतलं. त्यांनी एकदाच पाहिलं. "देखो, नुसती नोक पकड़ी इने. इत्ते में दुखेगाच ना!"

मग त्यांनी दाखवलं. करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यात घालून आधी पकड सोडवायची, ओढून काढायचं नाही. बाळाचं पोट आपल्या पोटाला लावायचं. आपण बाळावर वाकायचं नाही, बाळाला आपल्याकडं आणायचं. त्यानं जांभई देतात तसा आ केला की हनुवटी आधी टेकवून जवळ घ्यायचं, म्हणजे टोकच नाही, भोवतालचा काळा भागही तोंडात जातो. साबण बंद, घासणं बंद, तूप पोळीवर. पाजून झालं की दुधाचेच दोन थेंब लावायचे आणि वाऱ्यावर सुकू द्यायचे. आणि ताप आला किंवा छाती लाल होऊन दगडासारखी झाली तर माझ्याकडं येऊ नको, सरळ डॉक्टर गाठ, हेही बजावलं. चौथ्या खेपेला जमलं. दुखलं, पण पायाची बोटं वळली नाहीत. पोरगी घटाघटा प्यायली. त्या खोलीत पहिल्यांदा मला तिचा गिळण्याचा आवाज ऐकू आला. तोवर माझ्याच कण्हण्यात तो ऐकू येत नव्हता.

आई दाराला टेकून उभ्या होत्या. आपा गेल्यावर म्हणाल्या, "मेघाच्या वेळंला मला बी असंच झालं होतं. लुगडं रक्तानं चिकटायचं. सासूला सांगितलं तर म्हणली, तूच काय नवीन बाळंतीण हाय का. मला वाटलं असंच असतंय." आणि आत जाऊन कणीक मळायला लागल्या. गरजेपेक्षा दुप्पट मळली. ताई, मी त्यांच्यावर इतके दिवस चिडले होते, आणि त्यांना सोसण्याखेरीज कुणी काही शिकवलंच नव्हतं.

याचा अर्थ माझा त्रास संपला असं समजू नका. चिरा आठवड्यात भरल्या, पण आता आईच मास्तरीण झाल्यात. मी पोरीला घेतलं की समोर येऊन बसतात, स्वतःच तोंड उघडतात आणि पोरीला म्हणतात, "मोठ्ठा आ कर, मोठ्ठा!" भाजीवालीची सून बाळंतीण झाली तर तिला शिकवायला मला लेकरासकट नेलं, प्रात्यक्षिक करून दाखवायला. सकाळी पाजणं, दुपारी पाजणं, संध्याकाळी त्यावर भाषण. जीव नकोसा झालाय. एवढंच लिहायचं होतं. भाऊजींना नमस्कार, सम्यकला आशीर्वाद.

तुमची,
सोनिया

ता. क. टाचांचं मलम वाया गेलं नाही. ऋतुराज लावतो. टाचा उत्तम झाल्यात.

ता. क. दुसरा. खरं काम राहिलंच. सव्वा महिना होतोय म्हणून आई येत्या बुधवारी गावी निघाल्यात. पिशवी भरून दाराशी ठेवलीय. मी दोनदा त्यातली लुगडी काढून गुपचूप कपाटात ठेवली. त्यांना वाटतं आपणच विसरतोय, वय झालं. तेवढा तुम्ही फोन करा आणि अजून दोन महिने राहायला सांगा. मी म्हणाले असं मात्र अजिबात सांगू नका. सोनियाला अजून नीट पाजता येत नाही, एवढंच सांगा. (येतं.)