आई, तिला सांग

१३ जुलै २०२५, रविवार

झाला एकदाचा तो कॉल. मोबाइलवर चार चौकटी — पुण्याच्या समुपदेशक प्रतीक्षा मॅडम, मुलगा आदेश रोह्याच्या खोलीत, सूनबाई ऋतुजा जित्याला माहेरी रुसलेली, आणि मी पेणला, मूर्तींच्या कारखान्यात. मॅडमनी विचारलं, "काकू, मागे कोण बसलंय? इथे फक्त घरचेच हवेत."

म्हटलं, "गणपती हायेत. अजून डोळे रंगवले नायत, कुणाकडं बघायचे नायत."

ऋतुजा हसली. बरं वाटलं.

मग मूळ विषय. हे वारल्यापासून आदेश धाटावच्या कंपनीत मिळेल तो ओव्हरटाइम घेतो. घरी आला की झोपतो. ऋतुजा म्हणाली, "आई, त्यांना सांगा, मला नवरा पायजे. खुंटीवरचा युनिफॉर्म नको." आदेश म्हणाला, "आई, तिला सांग, मी काय मजा मारायला जातो काय?"

मी दोघांना सांगितलं. दोघांनी ते आधीच ऐकलेलं. तरी सांगितलं.

१४ जुलै

ऋतुजाने बजावलंय — गणपतीपर्यंत वाट बघणार, नाहीतर कायमची जित्याला. पोरगी बोलते तसं करते.

२० जुलै

मॅडम म्हणाल्या, आज दोघांनी थेट बोला. आदेश दाराकडे बघत बसला, ती ओढणीशी खेळत. शेवटी हा — "आई, तिला विचार, जेवली काय?"

"काकू, तुम्ही जरा म्यूट व्हा," मॅडम म्हणाल्या. बटण काही सापडेना. मी तोंडावर हात ठेवला. आदेश लगेच, "आई, हात काढ. तू बोलल्याशिवाय ही ऐकायची नाय!"

२१ जुलै

मी त्या दोघांना हसते खरी. पण सासूबाई होत्या तोवर आमचं तरी काय वेगळं होतं? हे म्हणायचे, "आई, हिला सांग, उद्या लवकर निघायचंय." मी हातभर अंतरावर चुलीपाशी. मोठ्यांसमोर बायकोशी बोलायचं नाही, ही रीत. सासूबाई गेल्या आणि आम्ही दोघं पाहुण्यासारखे बसलो. बऱ्याच वेळाने हे म्हणाले, "पाणी दे गो." मी दिलं, तेवढंच.

नंतर बोलायला शिकलो. पुरेसं नाही.

२५ जुलै

वाचनालयातून कुटुंब समुपदेशनावरचं जाडजूड पुस्तक आणलं. सगळं वाचलं. सासूला म्यूट कसं करायचं, ते कुठेच दिलेलं नाही.

२७ जुलै

"आई, तिला सांग —" आदेशने सुरू केलं.

"नाय सांगत," मी म्हटलं. "समोर बसलीय ती. तूच सांग."

कुणाचीच चौकट हलेना. मला वाटलं, नेट अडकलं. मग तो म्हणाला, "घरी आलो की बाबा आठवतात गो. कंपनीत मशीनच्या आवाजात नाय आठवत."

गो म्हणाला, मला कधी म्हणत नाही. म्हणजे तिलाच.

"मग मला सांगायचं ना," ऋतुजा म्हणाली. "मला काय ते आठवत नायत?"

माझे हात मूर्तींना लावायच्या पांढऱ्या व्हाइटिंगने भरलेले. डोळे पुसता येईनात.

३ ऑगस्ट

आज लिंक आली नाही. ऋतुजाला फोन लावला. म्हणाली, "आई, आता आम्ही दोघंच बसतो. एकाच मोबाइलवर."

"एकाच?"

"व्हय, मी गुरुवारीच रोह्याला आले. यांनी तुम्हाला सांगितलं नाय?"

नाही. आता मला कुणीच काही सांगत नाही.