आतून कोरं

४ नोव्हेंबर

आलो बाई एकदाचे! दोन ट्रंका, एक गादी आणि माझी टकळी. लेकीचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर, घरात ती टकळीच. सहा वर्षांची आहे आणि झोपेतसुद्धा बोलते. तिचे बाबा गेले तेव्हा घर खायला उठायचं. हिच्या बडबडीनंच मला त्यातून ओढून काढलं. म्हणून कितीही डोकं उठलं तरी मी तिला गप्प बस म्हणत नाही.

काम झकास आहे. मालकीणबाईंचे यजमान मातीची भांडी घडवायचे. हौशी लोक ती जपून ठेवतात म्हणे. ते गेले आणि खालची लांब खोली फळ्या भरभरून तशीच राहिली. मी एकेक भांडं उतरवायचं, पारखायचं, फोटो काढायचे आणि वर्णन लिहून ऑनलाइन विक्रीला लावायचं. राहायला मागच्या दोन खोल्या, त्यात उन्हाची खिडकी. अजून काय हवं?

मालकीणबाई नमनाला घडाभर तेल घालणाऱ्यांतल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की आतून झिलई असलेली भांडी कशीही ठेव, पण आतून कोरी असतील त्यांची तोंडं फडक्यानं बांधलेलीच असू देत. धुळीसाठी असेल.

६ नोव्हेंबर

हात बसला कामाला. आधी भांडं पालथं घालून बूड बघायचं. यजमानांचा अंगठा बुडाशी जरा तिरका उमटलेला असतो, नकली मालात तो सरळ असतो. मग उजेडात फिरवून चीर शोधायची. शेवटी टिचकी. खणखणीत वाजलं तर अखंड. बद्द वाजलं तर डोळ्यांना दिसो न दिसो, कुठंतरी तडा आहेच. टवका असेल तर लपवायचा नाही, फोटोत दाखवायचा.

शाळा सुटली की टकळी इथंच. एका मोठ्या पोटाच्या रांजणीत डोकं घालून बोलते, आवाज घुमला की खिदळते. फडकी काढू नकोस म्हणून बजावलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. आणि तिला तरी काय बोलू? फोटोसाठी मीच फडकी सोडते आणि मग परत बांधायचा कंटाळा करते.

९ नोव्हेंबर

आज दाराशीच थबकले. टकळी रांजणीला तिच्या बाबांची गोष्ट सांगत होती. खांद्यावर बसवून कसे न्यायचे, झोपताना कानात काय म्हणायचे, सगळं. मला इतक्या दिवसांत यातलं अक्षर बोलली नव्हती. पदर तोंडात धरून रडले आणि तिला बोलू दिलं. पोरीचं मन तरी मोकळं होईल.

रात्री जेवताना गप्प होती. बाबा कानात काय म्हणायचे गं, असं सहज विचारलं. तिनं खूप आठवून पाहिलं. मग म्हणाली, कोण बाबा?

दमली असेल.

११ नोव्हेंबर

शाळेतल्या बाई कौतुक करत होत्या, किती शहाण्यासारखी गप्प बसते म्हणून. तिथूनच तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी घसा पाहिला, काही नाही म्हणाले.

संध्याकाळी तीच रांजणी पारखायला घेतली. अंगठा तिरका, राखाडी झिलईवर हिरवट ओघळ, आतून कोरं. टिचकी मारली तर असा नाद! आणि नादाच्या मागं शेजारच्या खोलीत कुणी खिदळावं तसं काहीतरी. वळून पाहिलं. टकळी खिडकीशी बसली होती, तोंड मिटून.

लिहिलं: नाद खणखणीत, दोष नाही. लगेच खपली.

१२ नोव्हेंबर

सकाळी कुरिअरवाला रांजणी घेऊन गेला. दुपारी मालकीणबाई खाली आल्या, उघडी तोंडं बघून हाताला येईल त्या फडक्यानं ती बांधू लागल्या. तुझी लेक या भांड्यांशी बोलली का, एवढंच विचारलं.

मग सांगितलं. कोऱ्या मातीत काहीही मुरतं. यजमान बोलघेवडे, काम करताना भांड्यांशीच गप्पा मारायचे. शेवटी शेवटी बाईंचं नावही त्यांच्यापाशी उरलं नाही. भिंतीकडे बघत बसायचे. एक बरणी बाई उशाशी ठेवतात, तोंड बांधून. फार आठवण आली की फडकं सोडतात. त्यात ते हसतात.

परत येतं का, म्हणून मी त्यांचे पाय धरले. बाई म्हणाल्या, ते ठाऊक नाही. भांडं जवळ असलं तर निदान ऐकता तरी येतं.

माझं तर मी विकलंय.

१४ नोव्हेंबर

गिऱ्हाइकाला लिहिलं. हातापाया पडून लिहिलं. त्याचं उत्तर आलं: वस्तू सुरेख आहे, पण टिचकी मारली की “आई” असं ऐकू येतं, ही काय करामत? बायको घाबरली आहे, परत पाठवतो.

देव भलं करो त्याचं. नीट गुंडाळा, कापूस भरा, आपटू नका — चार चारदा लिहिलं.

१५

टकळी आज काहीच बोलली नाही. मी आई आहे म्हटलं. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. माझ्या ओठांकडे, अनोळखी माणसाकडे बघावं तसं.

तोंड बांधलं असतं रांजणीचं तर — तेवढंच करायला हवं होतं —

१६

आज नाही आलं खोकं.

तिचा हात गार. कोरडा. बोटांना राखाडी भुकटी लागते — पुसली तरी —

बोल गं. वाटेल ते बोल. डोकं उठव माझं.

१७

खोकं आलं. अलगद उचललं. आत खळकन —

खापरं. नुसती खापरं.

टकळी दारात उभी आहे. ओरडली नाही, रडली नाही. उचलून मांडीवर घेतली. काही नाही झालं, काही नाही, म्हणत पाठीवर थोपटलं.

बद्द वाजलं.

पुन्हा थोपटलं. बद्दच. कुठंतरी तडा आहेच —